अधिवृक्काचा उलटा हिशेब

१८६५ साली नेपल्समधल्या शवविच्छेदनाच्या टेबलावर एका पुरुषाचं प्रेत आलं. मृताचं नाव ज्युसेप्पे मार्झो, वय चाळिशीच्या पुढे. विच्छेदन करणारे लुइजी दे क्रेक्कियो हे तिथले शरीररचनाशास्त्रज्ञ. बाहेरून पाहता देह पुरुषाचा होता, पण वृषण हाताला लागत नव्हते आणि मूत्रमार्गाचं तोंड शिश्नाच्या टोकाला नव्हतं, खालच्या बाजूला होतं. पोट उघडल्यावर मात्र आत गर्भाशय सापडलं. दोन्ही अंडवाहिन्या आणि दोन्ही अंडाशयंही होती. मूत्रपिंडांच्या डोक्यावर ज्या चिमुकल्या टोप्या बसलेल्या असतात, त्या अधिवृक्क ग्रंथी फुगून जवळजवळ मूत्रपिंडांएवढ्या झाल्या होत्या.

दे क्रेक्कियोंचा मोठेपणा हा, की त्यांनी प्रेतावर काम थांबवलं नाही. मार्झोला ओळखणाऱ्यांना गाठून त्यांनी त्याची सगळी जीवनकथा गोळा केली. जन्माच्या वेळी सुईणीनं मुलगी म्हणून सांगितलं होतं. चार वर्षांनी एका शल्यवैद्यानं तपासून निर्वाळा दिला, की हा मुलगाच आहे, वृषण खाली उतरायचे राहिलेत. त्यानंतर मार्झो आयुष्यभर पुरुष म्हणून जगला, पुरुषासारखा वावरला, स्त्रियांशी संबंध ठेवले. शेवटच्या काळात अशक्तपणा, उलट्या आणि जुलाब यांचे झटके येत, अशाच एकात तो गेला. दे क्रेक्कियोंनी हे सारं ‘इल मोर्गान्यी’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. उलट्यांची नोंद त्यात आहे, फुगलेल्या ग्रंथींचीही आहे. दोहोंमधला दुवा जुळायला पुढची ऐंशीहून अधिक वर्षं जावी लागली.

या ग्रंथींबद्दल तोवर फारसं कुणाला काही माहीतच नव्हतं. सोळाव्या शतकात एउस्ताकी या इटालियन पंडितानं त्यांचं वर्णन केलं. १७१६ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या अकादमीनं ‘अधिवृक्क ग्रंथींचा उपयोग काय?’ असा प्रश्न टाकून निबंध मागवले. परीक्षक होते माँतेस्क्यू, पुढे राज्यशास्त्रात गाजलेले तेच. एकही निबंध त्यांना बक्षिसाच्या लायकीचा वाटला नाही. १८५५ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलचे थॉमस अ‍ॅडिसन यांनी दाखवलं, की या ग्रंथी रोगानं नासल्या तर माणूस खंगत जाऊन मरतो. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार यांनी प्राण्यांच्या ग्रंथी काढून पाहिल्या. प्राणी मेले. म्हणजे ग्रंथी जिवाला आवश्यक आहेत एवढं कळलं, आणि मार्झोच्या ग्रंथी तर भरपूर मोठ्या होत्या. मग तो अधिवृक्क निकामी झालेल्या माणसासारखा का मेला?

हा प्रश्न त्या काळी कुणाला पडला नाही. अवयव मोठा म्हणजे काम जास्त, ही समजूत इतकी सरळ दिसते की तिच्याविषयी शंका घ्यायला कारणच नसतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा रुग्णांच्या फुगलेल्या ग्रंथीचा तुकडा कापून काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. मुळात जे कमी होतं त्यातलंच आणखी काढून घेण्याचा हा प्रकार होता.

बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या हॅरिएट लेन या बालरुग्णालयात लॉसन विल्किन्स नावाचे डॉक्टर होते. १९३५ मध्ये त्यांनी तिथे मुलांच्या संप्रेरक-विकारांचा दवाखाना सुरू केला. त्यांच्याकडे साडेतीन वर्षांचा एक मुलगा आला. वयाच्या मानानं त्याच्या लैंगिक अवयवांची वाढ फार पुढे गेलेली होती, म्हणून तपासणीसाठी त्याला भरती केलं. रुग्णालयाचं नेहमीचं जेवण सुरू झालं आणि आठवडाभरात मूल दगावलं. नंतर आईवडिलांनी पत्रातून त्याची हकीगत कळवली. वर्षाचं असल्यापासून ते बिस्किटांवरचं मीठ चाटून घेई आणि बिस्किट टाकून देई. मिठाची बाटली कुठे असते हे कळल्यावर ते नुसतं मीठ खाऊ लागलं. बोलायला लागलं तेव्हा पहिल्या काही शब्दांत ‘मीठ’ हा शब्द होता. घरी ते मूल स्वतःच स्वतःवर उपचार करत होतं, रुग्णालयात ते बंद झाले.

ही नोंद विल्किन्स यांनी कर्ट रिक्टर यांच्याबरोबर १९४० मध्ये प्रसिद्ध केली. रिक्टर उंदरांवर प्रयोग करत. अधिवृक्क काढलेला उंदीर मिठाचं पाणी समोर असेल तर ते भरपूर पितो आणि जगतो, हे त्यांनी आधीच दाखवलेलं होतं. आता एका लेकरानं तेच दाखवून दिलं होतं. शवविच्छेदनात या मुलाच्या ग्रंथी कशा निघाल्या? मोठ्या. मार्झोसारख्याच. पुरुषी संप्रेरकं बनवणारा भाग बेसुमार वाढलेला, आणि जीव मात्र अधिवृक्काच्या उणिवेनं गेलेला. या साऱ्या इतिहासातली सर्वांत दुःखद आणि सर्वांत शिकवणारी केस मला हीच वाटते. कोडं सोडवायचा सगळा ऐवज तिच्यात होता, फक्त औषध हाताशी नव्हतं.

ते औषध दुसऱ्याच वाटेनं आलं. मेयो क्लिनिकचे एडवर्ड केंडल आणि बाझलचे ताडेउश राइखस्टाइन अधिवृक्कातून एकेक स्टेरॉइड वेगळं काढत होते. त्यातलं एक म्हणजे कॉर्टिसोन. मर्क कंपनीच्या लुइस सॅरेट यांनी ते बैलाच्या पित्तातल्या आम्लापासून तीसहून अधिक पायऱ्यांनी बनवलं. सप्टेंबर १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी ते एका संधिवाताच्या रुग्णाला टोचलं, आणि अंथरुणाला खिळलेलं माणूस चालू लागलं. १९५० चं नोबेल केंडल, राइखस्टाइन आणि हेंच यांना मिळालं. सगळं जग संधिवातासाठी कॉर्टिसोन मागत असताना विल्किन्स यांनी त्यातलं थोडं मिळवलं आणि फुगलेल्या अधिवृक्काच्या एका मुलीला दिलं. बॉस्टनमध्ये फ्रेडरिक बार्टर आणि फुलर ऑलब्राइट यांचा गटही त्याच सुमारास तेच करून पाहत होता.

वरवर पाहता हा वेडेपणा होता. ज्या ग्रंथीचा रस उतू चाललाय असं वाटतं, तिचाच रस बाहेरून आणखी द्यायचा. पण लघवीतल्या पुरुषी संप्रेरकांच्या अवशेषांचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. कॉर्टिसोन चालू ठेवल्यावर मुलींमध्ये वयात येण्याची लक्षणं दिसली, पाळी सुरू झाली.

असं का झालं, ते आता सांगता येतं. अधिवृक्क ग्रंथी कोलेस्टेरॉलपासून सुरुवात करते आणि एकेका विकराच्या मदतीनं त्याच्यात छोटे बदल करत तीन प्रकारचे स्टेरॉइड बनवते: शरीरातलं मीठ राखणारं अल्डोस्टेरोन, साखर आणि रक्तदाब सांभाळणारं कॉर्टिसॉल, आणि पुरुषी संप्रेरकं. पहिल्या दोहोंच्या वाटेवर एक विकर लागतं, रेणूच्या एकविसाव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवणारं. तिसऱ्या वाटेवर ते लागत नाही. आता पाटाच्या पाण्याचं बघा. दोन वाफ्यांची तोंडं बुजली, तर पाणी तुंबून उरलेल्या तिसऱ्या वाफ्यात शिरतं, आणि वरून पाणी सोडणारा ‘पहिले दोन वाफे कोरडे का?’ म्हणून आणखी पाणी सोडत राहतो. इथला सोडणारा म्हणजे मेंदूच्या तळाची पीयूषिका ग्रंथी. कॉर्टिसॉल कमी दिसलं की ती अधिवृक्काला हाकारते. रोज, जन्माआधीपासून, अखंड हाकारलं गेल्यामुळे अधिवृक्क फुगतं. म्हणजे मार्झोच्या त्या मोठ्या ग्रंथी उणिवेनं मोठ्या झालेल्या होत्या. बाहेरून कॉर्टिसॉलची भरपाई केली की पीयूषिका शांत होते, आणि पुरुषी संप्रेरकांचा लोंढा थांबतो.

अडलंय ते नेमकं कोणतं विकर, हे पन्नाशीच्या दशकात फिलाडेल्फियाच्या आल्फ्रेड बोंजोव्हानी आणि वॉल्टर एबरलाइन यांच्या कामातून पक्कं होत गेलं. त्यांनीच हेही दाखवलं, की काही रुग्णांत अडतं ते वेगळंच विकर, अकराव्या कार्बनवर काम करणारं, आणि अशा रुग्णांना मीठ कमी पडण्याऐवजी उलट रक्तदाब चढतो. पुढे या साखळीतल्या इतर विकरांचे दोषही एकेक करून उजेडात आले. बहुसंख्य रुग्ण मात्र एकवीस नंबरच्या विकराचेच.

त्या विकराचा स्वभाव कळला तो उजेडाच्या एका सुरेख प्रयोगातून. बॉस्टनमध्ये केनेथ रायन आणि लुइस एंगल यांनी १९५७ मध्ये पाहिलं, की कार्बन मोनॉक्साइड वायू सोडला तर बैलाच्या अधिवृक्कातलं हे विकर बंद पडतं, आणि प्रकाश टाकला की परत चालू होतं. ओसाकामध्ये त्सुनेओ ओमुरा आणि र्यो सातो यकृतातल्या एका विचित्र रंगद्रव्याचा अभ्यास करत होते. कार्बन मोनॉक्साइड चिकटला की ते ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषून घेई. त्याला त्यांनी तात्पुरतं नाव दिलं, पी-४५०. १९६३ मध्ये फिलाडेल्फियात रोनाल्ड एस्टाब्रुक, डेव्हिड कूपर आणि ओटो रोझेनथाल यांनी वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकत तपासलं, की बंद पडलेलं अधिवृक्कातलं विकर कोणत्या रंगानं सर्वांत चांगलं जागं होतं. उत्तर आलं, ४५० नॅनोमीटर. ते रंगद्रव्य काय काम करतं याचा पहिला पुरावा याच एकवीस नंबरच्या विकरानं दिला. आज शेकडो औषधं शरीरात कशी मोडली जातात हे ज्या पी-४५० कुटुंबाच्या आधारे शिकवलं जातं, त्या कुटुंबाची ओळख मार्झोच्या आजारानं करून दिली, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. तात्पुरतं नाव अजून तेच आहे.

हा आजार घराण्यात चालतो हे डॉक्टरांना दिसतच होतं. १९५६ मध्ये बार्टन चाइल्ड्स, मेल्विन ग्रुमबाख आणि जड्सन व्हॅन वाइक यांनी कुटुंबांचा हिशेब मांडून दाखवलं, की दोष अप्रभावी आहे: आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन सदोष प्रती मिळाल्या तरच मूल आजारी होतं. आईबाप स्वतः ठणठणीत असतात. पण जनुक कुठल्या गुणसूत्रावर, हे सांगायला आणखी वीस वर्षं गेली आणि उत्तर भलत्याच दालनात सापडलं. न्यूयॉर्कमध्ये बो ड्युपाँ हे अवयवरोपणासाठी लागणाऱ्या ऊतींच्या जुळणीचं, म्हणजे एचएलए चाचणीचं काम करत. मारिया न्यू आणि लेनोर लिव्हाइन यांच्याकडे अधिवृक्काचे बालरुग्ण होते. दोन्ही कामं एकत्र आली. एकाच घरातली आजारी भावंडं एचएलएच्या बाबतीत हुबेहूब सारखी निघाली, निरोगी भावंडं वेगळी. १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. जनुक सहाव्या गुणसूत्रावर, प्रतिकारशक्तीच्या जनुकांच्या दाटीत बसलेलं होतं. संप्रेरकांच्या जनुकानं तिथे का असावं याचं काही तर्कशुद्ध कारण नाही. शेजार आहे, इतकंच.

१९८४ मध्ये पेरिन व्हाइट यांनी न्यू आणि ड्युपाँ यांच्यासोबत बैलाच्या अधिवृक्कातून या विकराचं जनुक हुडकून काढलं आणि त्याच्या आधारे माणसाच्या डीएनएत शोध घेतला. बीडब्ल्यू-४७ हा विरळा एचएलए प्रकार असलेल्या, मीठ गमावणाऱ्या रुग्णांत डीएनएचा एक तुकडाच नाहीसा होता. रोगाचं मूळ बोट ठेवून दाखवता आलं. पण गंमत पुढे होती. निरोगी माणसातही या जनुकाच्या दोन प्रती शेजारीशेजारी सापडल्या. ऑक्सफर्डमध्ये रॉडनी पोर्टर यांच्या गटानंही हेच पाहिलं. १९८६ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या गटांनी दोन्ही प्रती अक्षर न् अक्षर वाचल्या, तेव्हा कळलं की एक प्रत चालू आहे आणि दुसरी मोडकी. मोडक्या प्रतीत एके ठिकाणी आठ अक्षरं गळालेली आहेत, आणखीही चुका आहेत. तिच्यापासून विकर बनतच नाही. आणि तरी दोघींच्या मजकुरात ९८ टक्के साम्य.

सगळा घोटाळा या साम्यात आहे. बीजपेशी बनताना आईकडचं आणि वडिलांकडचं गुणसूत्र समोरासमोर येऊन देवाणघेवाण करतात. दोन प्रती इतक्या सारख्या असल्या की जोडी चुकते. कधी मधला भाग गळून चालू जनुकच नाहीसं होतं. त्याहून अधिक वेळा मोडक्या प्रतीतला एखादा तुकडा, चुकीसकट, चालू प्रतीत उतरतो. या आजारात सापडणारे बहुतेक दोष म्हणजे शेजारणीच्याच चुका आहेत. इतर अनेक अनुवंशिक आजारांत ज्या त्या घराण्यातली चूक वेगळी असते, इथे मात्र जगभर त्याच दहाबारा चुका पुन्हापुन्हा नव्यानं घडत राहतात.

आजाराच्या तीव्रतेचंही उत्तर इथेच मिळालं. विकर पूर्ण बंद असेल तर मीठ वाहून जातं आणि बाळ दुसऱ्यातिसऱ्या आठवड्यात कोसळतं. १७२ व्या जागी आयसोल्युसिनऐवजी अ‍ॅस्परजिन हे अमिनो आम्ल बसलं तर विकराचं एकदोन टक्के काम शिल्लक राहतं. एवढ्याशा उरलेल्या कामावर माणूस जगू शकतो, कारण अल्डोस्टेरोन लागतंच मुळी कॉर्टिसॉलच्या शंभर ते हजार पटींनी कमी. मार्झो मीठ न गमावणाऱ्या गटातला असावा, हा माझा अंदाज. नाहीतर तो लहानपणीच गेला असता. आणि २८१ व्या जागची चूक तर इतकी सौम्य, की तिच्यामुळे मोठेपणी लव, मुरुमं, अनियमित पाळी एवढंच दिसतं. पूर्व युरोपीय ज्यू लोकांत हा सौम्य प्रकार २७ जणांत एकाला असल्याचा अंदाज न्यूयॉर्कच्या त्याच गटानं १९८५ मध्ये मांडला.

जनुक सापडण्याच्या आधीच एक काम झालं होतं, आणि माणसं वाचवण्याच्या हिशेबानं ते जनुकापेक्षा मोठं आहे. मुलगी जन्मली तर तिच्या बाह्य अवयवांवरून काहीतरी वेगळं आहे हे सुईणीलाही दिसतं. मुलगा जन्मतो तो अगदी नेहमीसारखा. त्याला दुसऱ्या आठवड्यात उलट्या होतात, वजन उतरतं, आणि तो जंतुसंसर्गानं किंवा हगवणीनं गेला अशी नोंद होते. जुन्या नोंदींत मुलांपेक्षा मुलींचे रुग्ण जास्त दिसत. दोष दोघांत सारखाच असायला हवा, मग मुलगे गेले कुठे? ते नाव लागायच्या आधीच मरत होते. १९७७ मध्ये सोंग्या पांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीपकागदावर वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरून हा आजार ओळखायची चाचणी बसवली. विकराच्या अलीकडे तुंबलेला पदार्थ त्या ठिपक्यात मोजायचा, एवढंच. ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली अलास्कात, यूपिक लोकांच्या बाळांवर. तिथे हा आजार २८२ बाळांत एक इतका निघाला. त्याआधी १९५६ मध्ये चाइल्ड्स यांनी मेरीलँडमध्ये केलेल्या गणतीत प्रमाण होतं ६७,००० त एक. जगभर चाचण्या सुरू झाल्यावर सर्वसाधारण आकडा १५,००० त एकाच्या आसपास स्थिरावला. मेरीलँडच्या गणतीत जे आलेच नाहीत, त्यांत त्या मुलग्यांचा वाटा मोठा होता.

एक काळी बाजूही लिहिली पाहिजे. विल्किन्स यांच्याच दवाखान्यात १९५१ मध्ये जॉन मनी हे मानसशास्त्रज्ञ आले, आणि मुलींचे वेगळे दिसणारे अवयव तान्हेपणीच कापून ‘नीट’ करण्याचा प्रघात तिथून जगभर गेला. जिवाला धोका नसताना, मुलाला न विचारता. त्या मुली मोठ्या झाल्या आणि बोलू लागल्या. १९९३ मध्ये अमेरिकेत त्यांची संघटना उभी राहिली. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये अशा शस्त्रक्रियांविरुद्ध निकाल दिला आणि तमिळनाडू सरकारनं त्या थांबवण्याचा आदेश काढला. गोळ्यांनी जीव वाचवणं आणि सुरीनं रूप बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे वैद्यकाला स्वतःहून कळलं नाही. ते रुग्णांनी शिकवलं.

भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबाद इथे लाखभर नवजात बाळांची चाचणी केली. आजाराचं प्रमाण निघालं ५,७६२ बाळांत एक, म्हणजे जागतिक सरासरीच्या दुपटीहून जास्त. तरीही टाचेच्या रक्ताचा तो ठिपका देशातल्या प्रत्येक बाळाचा घेतला जाईल अशी व्यवस्था अजून नाही. खासगी रुग्णालयात मागितली तर चाचणी होते, सरकारी प्रसूतिगृहात बहुधा नाही. औषध स्वस्त आणि जुनं आहे, हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन, रोज, आयुष्यभर. तेव्हा घरात बाळंतपण असेल तर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास ही चाचणी करून घ्या. ती झाली नसेल आणि दोनतीन आठवड्यांचं बाळ उलट्या करत असेल, दूध ओढत नसेल, वजन उतरत असेल, तर डॉक्टरांना रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम लगेच बघायला सांगा. मुलगा असेल तर आवर्जून सांगा.